परीक्षितची कणकण

उदय खांबेटे यांनी परीक्षित वैरागडेचा हात पहिल्यांदा हातात घेतला तो वॉटफर्डच्या एका शाळेच्या हॉलमध्ये, मंडळाच्या गणपतीत, मोदकांच्या रांगेत. सोडला तो थेट पिनरला, स्वतःच्या घरी, जेवणाच्या टेबलापाशी. मधे हॉलचा जिना, कार पार्क, चार राउंडअबाउट आणि एक पेट्रोल स्टेशन होतं. एवढ्या वाटेत काकांनी गाडी कुठल्या हाताने चालवली हे परीक्षितला आजतागायत कळलेलं नाही. "नागपूरचा? एकटाच? मग तुला जेवायला कोण घालतं?" एवढं काकांचं विचारून होईपर्यंत अलकाकाकूंनी चौथी पोळी वाढलेली होती. तो "बस" म्हणाला. त्या घरात "बस" म्हटलं की तूप वाढायचे. रात्री त्याला फ्लॅटवर सोडायला निघाले तेव्हा सीटबेल्ट काकांनी लावला, कारण परीक्षितला पोटापलीकडचं दिसत नव्हतं.

तेव्हापासून परीक्षित काकांचा झाला. काका पस्तीस वर्षांपूर्वी रेल्वेच्या सिग्नलच्या कामावर इकडे इंग्लंडात आले आणि निवृत्त झाले तरी सिग्नल देत राहिले. मुलगा नील बायको-मुलांसह कॉव्हेंट्रीला. त्यामुळे हुकूम सोडायला घरात काकूंशिवाय कुणी नव्हतं, आणि काकूंना सवय झाली होती.

मग कोरोनाचा तो मार्च आला आणि सगळ्यांची दारं लागली.

परीक्षितचा फ्लॅट म्हणजे चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावरची एक खोली. ऑफिस त्या खोलीत आलं आणि इस्त्रीच्या टेबलावर बसलं. सकाळी उठून तो लॅपटॉप उघडायचा, संध्याकाळी बंद करायचा, आणि या दोन गोष्टींच्या मधे आपण नेमकं काय केलं हे त्याला सांगता आलं नसतं. मीटिंगपुरता शर्ट घालायचा, खाली पायजमा. नागपूरहून आई रोज विचारायची, "काय केलं आज?" आणि तो रोज म्हणायचा, "खिचडी." आईला वाटायचं जेवणाबद्दल बोलतोय. दिवसाबद्दलही तेच उत्तर होतं. एकदा पार्सलवाल्याने जिन्याखालून "यू ऑलराइट, मेट?" विचारलं, तर त्याने खरंच उत्तर द्यायला सुरुवात केली. माणूस व्हॅनपर्यंत ऐकत ऐकत मागे गेला.

या सगळ्यात एक निवेदिता होती. ही पुण्याची, एका फायनान्स कंपनीत, तीन गल्ल्या पलीकडे एकटी राहणारी. दुकानाबाहेरच्या रांगेत कणकेची शेवटची पिशवी हिच्या हातात आली, मागे परीक्षितचा चेहरा दिसला, आणि हिने अर्धी पिशवी देऊ केली. बाहेर एका माणसाला भेटायची परवानगी मिळाल्यावर दोघं कॅसिओबरी पार्कात फिरू लागली, दोन मीटर अंतर ठेवून. मधून कुत्री, सायकली आणि एकदा एक अख्खं बदकांचं कुटुंब गेलं.

"तू नेहमी एवढा दमलेला असतोस का रे?" तिने एकदा विचारलं.

"काही केलं नाही की दमायला होतं."

"म्हणजे तुम्हा नागपूरकरांना जन्मभराचाच थकवा."

त्याला तीन दिवस पुरलं ते वाक्य.

जूनमध्ये सरकारने बबल काढला. एकट्या राहणाऱ्या माणसाने दुसरं एक घर निवडावं, तिथे बिनधास्त जावं, जेवावं, राहावं. घर मात्र एकच, आणि एकदा निवडलं की बदलायचं नाही. परीक्षितने हा नियम चारदा वाचला. सरकारने न सांगता अर्धं लग्नच लावलं होतं. हे निवेदिताला फोनवर विचारणं त्याला बरं दिसेना. रविवारी पार्कात समोरासमोर विचारायचं त्याने ठरवलं. त्या आठवड्यात पावसाने फिरणं झालं नव्हतं, म्हणून वाक्य घोटायला वेळही मिळाला.

शुक्रवारी काकांचा फोन आला.

"परीक्षित, आमचा बबल तू. नीलकडे चालत नाही, दोन्हीकडे जोड्या. एकटा माणूस पाहिजे, तो तू आहेस. शनिवारी जेवायला ये. काकू श्रीखंड करतेय."

"हो काका," परीक्षित म्हणाला.

हे "हो" समजून घ्यायला हवं. वडीलधाऱ्यांना तोंडावर नाही म्हणायचं नाही, हो म्हणायचं, आणि आयत्या वेळी प्रकृतीच्या कारणाने जायचं नाही. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या हेच चालत आलंय. समोरचाही समजतो, "बरं, आराम कर" म्हणतो आणि दोन्हीकडची अब्रू राहते. शनिवारी सकाळी परीक्षितने घरची सवय म्हणून तेच केलं.

"काका, आज जमेल असं वाटत नाही. जरा कणकण आहे."

पलीकडे काकांनी आधी काकूंना फोनपासून लांब व्हायला सांगितलं. जून दोन हजार वीसमध्ये आपण काय बोलून बसलो ते परीक्षितच्या तेव्हा ध्यानात आलं.

"खोकला? वास येतोय? कांदा हुंगून बघ."

"काका, तसं काही नाही, साधंच—"

"साधं काही नसतं आता. तू खिडकी उघड. दार उघडू नकोस."

दहा मिनिटांत मंडळाच्या ग्रुपवर बातमी गेली. परीक्षितला ताप, कुणी भेटू नये, काळजी नसावी. मग काढ्यांच्या सात कृती आल्या. काकांनी टेस्ट मागवली, आणि ती आल्यावर व्हिडिओ कॉलवरून, सिग्नलच्या शिस्तीत, परीक्षितकडून त्याच्याच घशात काडी घालून घेतली. खरं सांगावं तर का खोटं बोललो तेही सांगावं लागणार होतं. म्हणून निरोगी परीक्षित पांघरूण घेऊन पडून राहिला आणि नसलेला खोकला मन लावून आवरत राहिला.

रविवारी पार्क गेलं. संध्याकाळी निवेदिताचा फोन आला.

"कसा आहेस?"

"बरा. बराच बरा."

"अरे, काल खांबेटेकाकांचा फोन आला. म्हणाले, तू आजारी, श्रीखंड झालंय, काकू डोळे पुसत बसल्यात. माझा नंबर त्यांच्याकडे कसा?"

परीक्षितला आठवलं. आपणच महिन्यापूर्वी काकांना सांगितलं होतं, वॉटफर्डला एक निवेदिता आहे, एकटीच असते, फार चांगली आहे. नंबरही आपणच दिला होता.

"मग तू काय म्हणालीस?"

"नाही कसं म्हणणार? काका स्वतः गाडी घेऊन न्यायला आले. मी जेवले, मग काकू म्हणाल्या, आता तूच आमचा बबल. मी हो म्हटलं. तुझं कुणाशी ठरलं होतं का?"

खिडकीखाली चपलांच्या दुकानाची पाटी वाऱ्याने हलत होती. घोटलेलं वाक्य परीक्षितच्या तोंडात तयार होतं.

"नाही गं," तो म्हणाला. "माझं काय ठरणार."

"बरं," ती म्हणाली.

टेस्ट निगेटिव्ह आली. काकांना आपण त्याला वाचवल्यासारखं वाटलं. दर शनिवारी निवेदिता पिनरहून येताना त्याचा डबा आणायची, जिन्याखाली ठेवायची आणि दोन मीटर मागे जाऊन त्याला हाक मारायची. डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून तो त्यात दुकानातली बिस्किटं भरायचा. ती म्हणायची, "काका म्हणतात, बिस्किटं मऊ असतात." तो म्हणायचा, "पुढच्या वेळी बघतो." पुढच्या वेळीही तीच मिळायची. पार्कात ती दोघं नंतरही गेली, पण शनिवारी ती दमलेली असायची, आणि रविवारी तो.

सप्टेंबरमध्ये निवेदिताला कॉव्हेंट्रीत नोकरी मिळाली. तिथे नीलच्या ओळखीने तिला फ्लॅट मिळाला, आणि पुढच्या वर्षी तिथल्याच एका वीर नावाच्या डेंटिस्टशी तिचं लग्न झालं. परीक्षित त्याच खोलीत राहतो. ऑफिस परत ऑफिसात गेलं तेव्हा इस्त्रीचं टेबल त्याने टाकून दिलं.