मयताविना विलाप

खिंड अजून लांब होती आणि रुइलिनच्या डाव्या कानातलं रक्त थांबत नव्हतं. शिनलानने सुतकाच्या पांढऱ्या पट्ट्याचं टोक फाडून कानात कोंबलं होतं, तेही भिजून लाल झालं. दरड कोसळून खालचा रस्ता बंद, म्हणून तालुक्याच्या दवाखान्याकडे दोघं पिवळ्या मातीच्या टेकाडांवरून पायीच निघाली होती.

"अरे, असा वाकडा काय चालतोस?"

"मी सरळच चालतोय ताई. टेकडी वाकडी आहे," तो म्हणाला आणि तोल जाऊन तिच्यावर आदळला.

शिनलान त्याची मामेबहीण. तिचा बाप, खांगमामा, पंचक्रोशीतला नावाजलेला सनईवाला. रुइलिनला सनई त्यानेच शिकवली, म्हणजे बडवून बडवून शिकवली. ऐन हिवाळ्यात वाऱ्याकडे तोंड करून फुंकायला उभं करायचा. पोराचे ओठ फुटायचे, रक्त सनईच्या पत्तीवर गोठायचं आणि सूर घसरला की पाठीत लाथ बसायची. तोच पोरगा पुढे शहरातल्या संगीतशाळेत गेला, तिथून जर्मनीला, आणि आता मोठमोठे वाद्यवृंद त्याने लिहिलेलं वाजवत. रांगेने व्हायोलिनं, चेलो, तुताऱ्या आणि मधोमध गावची सनई. एकदा त्याने मामालाच शीआनच्या सभागृहात वाजवायला नेलं. मामा परत आला तो छाती काढून सांगत सुटला, "याचं संगीत म्हणजे बाजारातली मारामारी बघा! सगळे मिळून सनईला झोडपतात. पण शेवटी उभी कोण राहते? सनईच!"

घोळ झाला तो गेल्या वर्षी. रुइलिन आवाज टिपायचं यंत्र घेऊन घरी आला. त्याची धाकटी बहीण तान्हेपणीच गेली, तेव्हा आईने केलेला विलाप त्याला हवा होता. मयत समोर नसताना विलाप करायचा नाही, केला तर मरण पत्ता विचारत घरी येतं, हे त्या डोंगरात शेंबडं पोरही जाणतं. आई तर जाणतच होती. पण लेकाने मागितलं. चुलीपाशी बसून तिने हंबरडा फोडला आणि डोळे पुसून राळ्याची पेज ढवळायला घेतली. तो विलाप त्याने नव्या रचनेत चेलोवर घातला, त्यावर सनई सोडली. परदेशात ती पहिल्यांदा वाजली त्याच आठवड्यात आई गेली.

बाईच्या शवपेटीला माहेरच्यांनी होकार दिल्याशिवाय खिळा ठोकत नाहीत. आज सकाळी रुइलिन लेकाने धरायची शोकाची काठी घेऊन पेटीपुढे गुडघ्यांवर बसला. मामाने रीतीप्रमाणे विचारलं, "माझ्या बहिणीने शेवटी काय मागितलं तुझ्याकडं?"

हो-नाही करून सुटता आलं असतं. पण तो म्हणाला, "काही नाही मागितलं, मामा. मीच मागितलं." आणि सगळं सांगून बसला.

मामाने त्याच्याच हातातली काठी हिसकावली. "मेल्या! जित्या बाईकडून मरणाचं गाणं म्हणवलंस? तिकीट काढून बसलेल्यांसाठी?" खांदे, मान, पाठ, जिथे लागेल तिथे. काठी मोडली.

"शहरी माणूस, काठीसुद्धा नाजूक निवडली," मयताच्या जेवणाला आलेला आचारी पुटपुटला.

शिनलान मधे पडली तर तिच्याही खांद्यावर तुकडा बसला. "बाबा, पुरे!"

"तू बाजूला हो!"

मग मामाने कमरेची सनई उपसली आणि तिचं पितळी तोंड रुइलिनच्या कानशिलावर हाणलं. हाडावर पितळ आपटलं. रुइलिन पेटीला धडकून आडवा झाला, पण हात वर केला नाही.

"ठोका खिळे," मामा धापा टाकत म्हणाला. तीच चेमटलेली सनई तो थडग्यापर्यंत फुंकत गेला. सूर फाटत होता.

दवाखान्याच्या वाटेत आता भूमिदेवाची घुमटी लागली. शिनलानकडे उदबत्ती नव्हती. तिने नुसते हात जोडले. देवा, बाकी काही कर, याचा कान ठेव.

मागे वळून बघते तो रुइलिनने उजवा कान तळव्याने घट्ट दाबला होता, डोळे मिटले होते. "ताई, डावीकडून बोल."

ती त्याच्या डाव्या खांद्याशी गेली. "रुइलिन." मग मोठ्याने. मग लहानपणी नजर लागू नये म्हणून ठेवलेल्या नावाने, घसा ताणून, "कुत्र्या! ए कुत्र्या!"

खालच्या उतारावर शेळ्या राखणाऱ्या माणसाने मान वर केली. रुइलिन तसाच उभा होता.

त्याने हात काढला. "हाक मारलीस?"

तिने मान डोलावली. बाहीला कानातलं रक्त लागलं होतं, तीच तिने डोळ्यांना लावली.

"व्हायोलिनं एका कानाला, सनई दुसऱ्या कानाला," तो हळूच म्हणाला. "मधल्या जागेतच मी लिहायचो." मग त्याने तिचं मनगट धरलं.

"दवाखान्यात काय निघेल ते निघेल. मामाला सांगू नकोस. सांग, सूज होती, उतरली. त्याला कळलं तर तो सनई चुलीत घालेल, आणि नवं जे लिहीन ते फुंकायला त्याच्याशिवाय कुणाची छाती पुरणार नाही. तू त्याची लेक आहेस, खोटं तुला जमत नाही, ठाऊक आहे मला. तरी सांगू नकोस, ताई."