शेजारणीची पीएचपी

माझा नवरा न्हावा शेव्याला एका मालवाहतुकीच्या कचेरीत संगणक सांभाळायचा. निवृत्तीनंतर आम्ही दिवेआगरला त्याच्या वाडीत राहायला आलो, पाहुण्यांसाठी मागे दोन खोल्या काढल्या, आणि तो रोज संध्याकाळी समोरच्या घरी जाऊ लागला. समोरच्या बाईही पाहुणे ठेवत. त्यांना वेबसाइट हवी होती आणि ती स्वतःच लिहायची होती. दिवेलागणीपासून जेवणाच्या वेळेपर्यंत तो त्यांच्या ओटीवर पीएचपी ही वेबसाइट लिहायची भाषा शिकवत बसे. मी मराठीची शिक्षिका. आमच्या ओटीवर पुस्तक उघडून बसायचे. बाई ओळीच्या शेवटचा अर्धविराम विसरल्या की तो दोन बोटांनी टेबलावर टकटक करायचा, मग दोघं हसायची. ते सगळं रस्त्याच्या अलीकडे ऐकू यायचं. संशय घेण्यासारखं त्यात काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण एकदा मी म्हटलं, मलाही शिकव, तर म्हणाला, "तुला कशाला ही कटकट? तू वाच की."

मग तो गेला. आमची वेबसाइट राहून गेली. समोरच्यांची चालू होती.

वर्ष उलटल्यावर मी ती करायला घेतली. पनवेलची भाची फोनवर समजावत होती. "मावशी, खोल्यांचे फोटो नि पत्ता दाखवायचा तर साधं पान पुरे. पण किती माणसं, कधी, काय जेवणार, हे पाहुण्यांनी भरायचं असेल तर मागे सर्व्हरवर काहीतरी चालायला हवं. पान म्हणजे तुझी ओटी, सर्व्हर म्हणजे स्वयंपाकघर. आता त्या स्वयंपाकघरात कुठली भाषा बोलायची ते ठरव."

"तू सांग."

"तू वेबसाइटसाठी इंटरनेटवर भाड्याने घेतलेल्या जागेत पीएचपी आयती आहे. फाइल ठेवली की चालली. पायथनला आधी थोडी मांडामांड लागते, पण वाचायला स्वच्छ. मला विचारशील तर पीएचपी. समोरच्या काकूंना येते ना? अडलीस तर विचारायला माणूस दारात."

"पायथन," मी म्हटलं.

लोकांना मी सांगितलं की पीएचपीत जिथे तिथे डॉलरचं चिन्ह येतं, ते माझ्या डोळ्यांना खुपतं. समोरच्या बाई फाटकाशी येऊन म्हणाल्या, "वहिनी, पीएचपी घ्या हो. दादांनी मला शिकवली तश्शीच शिकवते." मी "बघू" म्हणून आत आले. त्याचं शिकवणं मी त्यांच्या हातून उष्टं का घ्यावं? त्याच्या इतक्या संध्याकाळी त्यांच्याकडे राहिल्या होत्या, आता त्या मला वाढायला निघाल्या होत्या.

पायथन मला हळूहळू जमली. फॉर्म चालू लागला. त्यावरून पुण्याच्या एका कुटुंबाने सुरमईची थाळी मागवली, वेबसाइटने त्यांना ताबडतोब होकार कळवला, आणि मी आनंदाने भाचीला फोन केला. आलेला निरोप नीट वाचला तो पाहुणे दुपारी अंगणात उतरल्यावर. त्या दिवशी संकष्टी होती. आमच्या घरात चतुर्थीला मासे शिजत नाहीत.

मी वालाचं बिरडं, भाकरी, सोलकढी पुढे केली. त्यांच्यातले आजोबा म्हणाले, "अहो, पण आम्ही सुरमईसाठी वाट वाकडी करून आलो. तुमच्या वेबसाइटने हो म्हटलं होतं!"

आवाज ऐकून समोरच्या बाई आल्या. "आजोबा, आमच्याकडे विचारलं असतंत तर नाहीच म्हटलं असतं. आमची वेबसाइट चतुर्थी पाळते. वहिनींची अजून लहान आहे, तिला उपास झेपत नाही."

आजोबा हसले आणि जेवायला बसले. मला हसू आलं नाही. ते गेल्यावर मी विचारलं, "तुमची साइट चतुर्थी कशी पाळते?"

"दादांनी पहिला धडा तोच दिला. म्हणाले, हो म्हणायला कुणीही शिकेल, आधी नाही म्हणायला शिकवा. आमच्या घरी ही पाहुण्यांना कशाकशाला नाही म्हणते, ते लिहून काढा. चतुर्थीला मासे नाहीत. आदल्या दिवशी सांगितलं नसेल तर मोदक नाहीत. ऐनवेळी माणसं वाढली तर भात मिळेल, घावने नाहीत." त्यांनी आमच्या स्वयंपाकघराकडे बोट केलं. "माझ्या घरात यातलं निम्मं कुणी पाळत नाही, वहिनी. तुमच्याच स्वयंपाकघरावर शिकले मी."

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण माझ्या स्वयंपाकघराबद्दल तो इतकं बोलायचा, तेही त्यांच्याशी, हा नवा काटा बोचला तो बोचलाच.

दुसऱ्या दिवसापासून दिवेलागणीला मी रस्ता ओलांडून जाऊ लागले. पायथन बाजूला ठेवली. आता मी पीएचपी शिकते, त्याच ओटीवर, त्याच टेबलाशी. मी चुकले की बाई बोलत नाहीत, दोन बोटांनी टेबलावर टकटक करतात. त्यांनाही कळत नसावं, इतकं ते त्यांच्या हातात बसलं आहे. तो आवाज त्यांच्याकडे असावा याचा मला अजून राग येतो.

अर्धविराम कुठे द्यायचा ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तरी रोज एखादा मी गाळते.