पॉलिशरचा स्क्रू आणि प्रभाकर

प्रभाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी माझ्या राइस मिलमध्ये बंद पडलेल्या पॉलिशरसमोर उभा होतो. सकाळी चहा प्यायला, कप खाली ठेवला आणि गेला, असं शेजारी सांगत होता. चहा अर्धा टाकून जाणाऱ्यातला तो नव्हताच. मी मिस्त्रीला म्हटलं, झाकण लावून टाक, आणि त्याच्या घरी गेलो. तिथं जे करायचं असतं ते केलं.

आम्ही शाळेपासूनचे. त्याचे वडील ट्रेझरीत, माझ्या वडिलांची लांजी रोडवर राइस मिल. वीज खात्यातून निवृत्त झाल्यावर लोक भजनी मंडळाला लागतात, हा चीनच्या नादी लागला. जुन्या मशिनींच्या कंपन्या बुडाल्या की त्यांचे पार्ट बाजारात मिळत नाहीत. ते तिकडच्या कारखान्यातून बनवून आणून द्यायचे, असा त्याचा धंदा. इंग्रजी यथातथा, चिनी शून्य. घराच्या समोरच्या खोलीत एक टेबल आणि मोबाइलमधलं भाषांतराचं ॲप, एवढंच भांडवल. तिकडे ढलाईच्या, म्हणजे लोखंड ओतायच्या, एका कारखान्यात एक बाई होती. हा हिंदीत बोलायचा, ॲप त्याचं चिनी करून तिला द्यायचं.

"ते बाई काय म्हणते, तुले समजते तरी का बे?" मी एकदा विचारलं.

"घरच्या बाईचं तरी कुठं समजते?"

आतून वहिनी ओरडल्या, "मले ऐकू येऊन राह्यलं!"

तांदूळ घासून पांढरा करणाऱ्या माझ्या पॉलिशरमध्ये तो पुढे ढकलणारा बिडाचा एक स्क्रू असतो. तांदळानं लोखंड झिजतं हे शहरातल्या लोकांना खरं वाटत नाही, पण झिजतं. आमच्याकडे पार्ट आणायची रीत एकच : मोडका तुकडा थैलीत घालायचा, गोंदियाची बस धरायची आणि दुकानदारापुढे ठेवून म्हणायचं, असाच द्या. तो समजतो. प्रभाकरनं तेच केलं, फक्त थैलीऐवजी कुरियर. झिजलेला स्क्रू पाठवला आणि कळवलं, जसाच्या तसा पाहिजे.

पेटी आली. आम्ही दोघांनीच उघडली. सगळे स्क्रू नवेकोरे, आणि सगळे झिजलेले! आमच्या वेल्डरनं कधीकाळी लावलेल्या ठिगळाचा फुगवटा प्रत्येकावर. दसऱ्याच्या पूजेत काढून ठेवलेल्या जुन्या स्क्रूला शेंदराचा टिळा लावला होता, तोही प्रत्येकावर, नेमका त्याच जागी, लाल पेंटनं. मला डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

"टिळासुद्धा सोडला नाही पाह्य तिनं," प्रभाकर म्हणाला. कौतुकानं! माझी मिल बंद, आणि याला कौतुक सुचतंय.

"भांड तिच्याशी," मी म्हटलं.

"काहून भांडू? आपण म्हटलं असाच पाहिजे, तिनं असाच देल्ला. नवा होता तवा कसा होता, हे तिले कोणं सांगतलं?"

त्यानंतर त्यानं नुसता जीव खाल्ला सगळ्यांचा. मोडका पार्ट घेऊन कुणी आलं की पहिला प्रश्न, नवा होता तेव्हा केवढा जाड होता? आता हे कुणाला माहीत असतं? मग तो त्याच जातीची मशीन शोधत लामता, हट्टा, जिथं मिल असेल तिथं मोटरसायकलवर जायचा, कमी झिजलेला भाग पकडून माप घ्यायचा. शिवाय आधी एकच नमुना मागवायचा. तो नमुना त्यानं तपासून हो म्हटल्याशिवाय तिकडे बाकीची ढलाई होत नसे. मी चिडायचो. तुझ्या 'हो'ची वाट पाहण्यात माझा सीझन जाईल, असं तोंडावर बोललोय. तो ऐकून घ्यायचा आणि आपलंच करायचा...

यंदा तसंच झालं होतं, स्क्रू झिजलेला आणि नवे त्याच्या 'हो'साठी अडकलेले. धान बाजारात यायला लागलं होतं आणि पॉलिशर बंद. मिल ऐन वेळी बंद राहिली की शेतकरी दुसरीकडे वळतात, आणि वळलेले परत येत नाहीत. तेरवीनंतर वहिनींनी मला थांबवलं. "भाऊजी, तुमचा नमुना येऊन पडला हाये जी. उद्या पाहतो म्हणत होते..." त्यांनी त्याचा फोन माझ्या हातात दिला आणि आत गेल्या.

मी त्याच्या टेबलाशी बसून नमुना तपासला. चांगला होता. त्या बाईबरोबरचा संवाद उघडला. शब्द कमीच, फोटोच जास्त. प्रत्येक पार्टवर प्रभाकरचा पंजा पसरलेला; अंगठ्याचं नख काळं पडलेलं, करंगळी जराशी वाकडी. आकड्यांत घोळ होतो, हातावरून अंदाज येतो, असं त्याचं काहीतरी गणित असावं. मीही स्क्रूवर हात ठेवून फोटो काढला, खाली 'ओके' लिहिलं आणि पाठवून दिला.

लगेच उत्तर आलं, ॲपच्या हिंदीत. "यह सर का हाथ नहीं है. सर हाँ बोलेंगे, तब ढलाई होगी."

आधी संतापच आला. म्हटलं, ही बया आता माझा सीझन बुडवणार. मग समजलं की मिल चालवायची असेल तर मला एक वाक्य लिहावं लागणार आहे. इतके दिवस ते वाक्य लोक मला ऐकवत होते, मी मान हलवत होतो. मी ते स्वतः कुणालाही सांगितलं नव्हतं. मग लिहिलं, "सर नहीं रहे."

पुढे स्क्रू आले, बसले, मिल चालू आहे. पण त्या दिवशी त्याच्या खुर्चीत बसून मी रडलो, चांगला हुंदके देऊन. वहिनी पाण्याचा गिलास घेऊन आल्या, टेबलावर ठेवला.

"सांगतलं तिले?"

"हौ," मी म्हटलं.