गॅसवाल्याला दिलेला नकार

मंडळी, आज दुपारी गॅस कंपनीचा माणूस आमच्याकडे येऊन गेला, तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

इथे इंग्लंडमध्ये, ब्रॅकनेल गावाबाहेर, आमच्या घरामागे थोडी जमीन आहे. त्यांना तिथे ड्रिलिंग करायचं होतं.

"गॅस आमचा, तर भावही आम्ही सांगू," नवरा म्हणाला.

"या देशात जमिनीखालचा गॅस सरकारचा असतो," तो माणूस नम्रपणे म्हणाला. "तुमची फक्त जागा हवी आहे. रात्री काम बंद ठेवू, तसं लिहून देतो."

"मग नाही जमणार." आणि मला मराठीत, "थांब गं, आता वाढवून देईल."

"फेअर इनफ," म्हणत तो चहा संपवून उठला. मी त्याला थांबवलं नाही. मला ड्रिलिंग नको होतं, की मलाही वाढवूनच हवं होतं?

आत्ता मी शेजारच्या शेताच्या मालकाला फोन केला, तर कंपनीचा माणूस इथून थेट त्याच्याकडे गेला होता. मालक जागा द्यायला लगेच तयार झालाय. रात्री काम बंद ठेवायचं त्याने लिहून घेतलंही नाही. तो तिथे राहतच नाही. यंत्र येणार आमच्या कुंपणाला लागून, सासऱ्यांच्या खिडकीसमोर. त्यांना आधीच झोप लागत नाही.

ते मात्र खूश आहेत. "आपण नाही म्हटलं ना? मग मिटलं!"

त्यांना काय सांगू?