देवजीबाबांची झोपलेली जमीन

रोपं टाकण्याआधी जमीन भाजायला आमच्या वाडीत उन्हाळाभर पाला साचवतात. देवजीबाबांचे किस्से तसेच साचत जातात, आणि काडी लावायला बहुतेक वेळा एखादे साहेबच येतात.

देवजीबाबा माझ्या वडिलांचे चुलते. नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या डोंगरातल्या आम्हा आदिवासींच्या वाड्यांमध्ये कुठेही जमिनीचा तंटा निघाला की आधी त्यांना बोलावणं जातं. पण उतारावरची त्यांची स्वतःची जमीन, जी त्यांच्या आज्याने कसली, ती अजून त्यांच्या नावावर नाही. वनहक्काचा दावा टाकलाय. तो फेटाळला तर तिथे वनखात्याचं तारेचं कुंपण पडेल, आणि मग आमच्या सगळ्यांच्या जमिनींचं तेच होईल. लोक हे किस्से सांगून हसतात. मला राग येतो. चारचौघांत बोलायला जमत नाही, म्हणून लिहिते.

*

नगरला एका संस्थेने बाबांचा सत्कार ठेवला होता. बाबा धुतलेलं धोतर, सदरा, टोपी घालून गेले. स्टेजमागे कोटातले एक भाऊसाहेब पिसांचा मुकुट आणि पानांची माळ घेऊन आले.

"बाबा, हे घाला. फोटोत ओरिजिनल दिसलं पाहिजे."

बाबांनी त्यांचा कोट नीट पाहिला. "तुमी आधी तुमच्या आज्याची लंगोटी घाला. मंग मी ह्ये घालतो."

सत्कार लवकर उरकला.

*

पुण्याचे एक गृहस्थ मोठ्या गाडीतून आले. त्यांना रिसॉर्टसाठी बाबांचा उतार हवा होता. "नावावर नाही ना? कागदाचं मी बघतो," म्हणाले. बाबांसाठी वर्षानुवर्षं न हललेला कागद त्यांच्यासाठी लगेच हलणार होता!

"तसे नुसते दगड आहेत बाबा इथे. पण व्ह्यू भारी आहे."

"मंग व्ह्यू घेऊन जा," बाबा म्हणाले. "दगडं राहू द्या आमाला."

*

उतारावर नागली, मग वरई, मग खुरासणी घेतली की बाबा ती जमीन काही वर्षं विसाव्याला सोडतात. आमच्यात सगळेच तसं करतात. नेमकी तेव्हाच दाव्याची पाहणी आली. साहेबांनी मोबाईलवर फोटो काढले आणि लिहिलं, "पडीक."

"पडीक न्हाई, साहेब. झोपलीय ती."

"पण इथे काहीच नाही, बाबा."

"माणूस झोपला की त्याला मेला लिहिता व्हय?"

साहेब हसले. लिहिलेलं मात्र खोडलं नाही.

*

बाबा शेताच्या बांधावर चपला काढतात. आमची आजी, म्हणजे बाबांची बायको, त्यांना नेहमी टोमणा मारते, "घरात चपला घालून हिंडायचं आन् चिखलात काढून जायचं. काय म्हणावं ह्या माणसाला?"

"घरात तूच हायेस," बाबा म्हणतात. "तिथं वडीलधारी हायेत."

शेताच्या वरच्या कडेला आमचे चिरे आहेत. घरातलं माणूस गेलं की त्याच्या नावाने आम्ही तिथे दगड बसवतो. बाबांच्या आज्याचा चिरा सगळ्यांत जुना. तो आता आडवा झालाय, अर्धा मातीत गेलाय.

*

यंदा जमीन उठली. नागली आली. नव्या नागलीची पहिली भाकरी चिऱ्यांना ठेवायची, त्याआधी घरात कोणी तोंडात घास घालत नाही. त्या सकाळी मी भाकरीची टोपली घेऊन बाबांच्या मागे होते.

शेवटच्या पाहणीचे साहेब आमच्या आधीच पोचले होते आणि त्या आडव्या चिऱ्यावर पाय पसरून बसले होते. बांधावर बाबांनी चपला काढल्या. साहेब बसल्या जागेवरून म्हणाले, "बाबा, तुम्ही सांगता पिढ्यान्पिढ्या. पण तुमचे आजोबा इथे होते, याला पुरावा काय?"

बाबा टोपलीतली भाकरी घेऊन साहेबांच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले.

"नको, नको," साहेब म्हणाले, "मी नाश्ता करून आलोय."

"तुमाला न्हाई, साहेब. उठा. तुमच्या खाली माझा आजा हाय, त्याला जेवायचंय."