दोन शब्दांची कबुली

२ मे. आज कुरडयांसाठी भिजवलेले गहू वाटायला काढले, तर नुसता कुजका वास. रोज पाणी बदलायचं काम नव्या सुनेकडे होतं. मी काही विचारायच्या आतच ती म्हणाली, “आई, माय बॅड. काल पाणी बदललंच नाही मी.”

“म्हणजे काय गं?” सासूबाईंनी विचारलं.

“चूक माझी, आजी.”

“एवढंच? पुन्हा हिच्या हाती गहू देऊ नकोस हो!”

मला मात्र तिचं कौतुक वाटलं. आमच्या घरात चूक झाली की आधी उन्हाला दोष, मग डोळ्यांना पदर, मग अबोला. हिनं दोन शब्दांत कबुली दिली आणि पातेलं घासायला घेतलं.

३ मे. आज सकाळी मी नवे गहू भिजत घातले आणि पाणी बदलायचं काम सासूबाईंसमोर तिलाच सांगितलं.