समासातली विनवणी

वाचनालयातून आणलेली कादंबरी सकाळपासून हातातून सुटत नाही. आधीच्या कादंबरीत ज्याने थंड डोक्याने माणसं मारली, त्याच्या तरुणपणाची ही गोष्ट. इथे तो आजारी आईला पेज भरवतोय, चमच्या-चमच्यावर फुंकर घालून. मला बसवेना. उठले, फेऱ्या मारल्या, परत पुस्तक उघडलं.

"शेवट माहितीये, मग एवढी तगमग कशाला?" नवऱ्याने विचारलं.

"माहितीये म्हणूनच!"

पुढच्या पानावर तो पहिला खून करायला घराबाहेर पडतो. तिथे समासात कुणा अनोळखी वाचकाने पेन्सिलीने लिहिलं होतं, 'जाऊ नकोस रे.'

वाचनालयाची पुस्तकं रंगवणाऱ्यांचा मला भयंकर राग. असलं काही दिसलं की मी आधी खोडरबर शोधते. आज पेन्सिल शोधली आणि खाली लिहिलं, 'ऐक ना.'